टाळू कधी शिवायची? वरच्या जबड्यामागचा जुना वाद

दुभंगलेल्या ओठ-टाळूचं आठ-दहा वर्षांचं मूल पुण्यातल्या दातांच्या ओपीडीत आलं की पालकांची तक्रार ठरलेली: 'खालचा जबडा पुढे आलाय.' बहुतेकदा खालचा जागच्या जागी असतो, वरचा मागे राहिलेला असतो. फट एकाच बाजूला असली तर तिकडचा जबड्याचा लहान तुकडा आत वळतो, नाकपुडीचा तळ खचतो, वरच्या दातांची मधली रेघ फटीकडे सरकते. प्लास्टरचा साचा हातात घेतला की एका अंगाला चेपलेली कमान लगेच दिसते.

सगळा वाद टाळूच्या शस्त्रक्रियेच्या वयाचा. (टाळू म्हटलं की आजीचा हात बाळाच्या डोक्याकडे जातो. ती टाळू आपोआप भरते, तोंडातली शिवावी लागते.) शिवताना हाडावरचं आवरण उचलावं लागतं, उघड्या राहिलेल्या जागी व्रण धरतो आणि तो आवळला की वाढ अडते. म्हणून टाळूचा कठीण भाग उशिरा शिवावा, हा विचार ब्रिटनमध्ये १९२१ मध्येच मांडला गेला. पुढे जर्मनीत मऊ भाग आधी आणि कठीण भाग कित्येक वर्षांनी, अशी पद्धत रुजली. चेहरे चांगले वाढले, बोलणं मात्र नाकातून येत राहिलं. १९९० मध्ये श्रीलंकेतल्या शस्त्रक्रिया न झालेल्या प्रौढांचे अभ्यास आले. त्यांचा वरचा जबडा जवळपास नेहमीसारखा पुढे वाढला होता. उशिराच्या बाजूने याहून मोठा पुरावा नाही, पण त्या माणसांचं बोलणं कोणाला समजत होतं, हे विचारायलाच हवं. २०२३ च्या मोठ्या चाचणीत सहाव्या महिन्यात टाळू शिवलेल्या मुलांपैकी पाचव्या वर्षी ८.९ टक्क्यांमध्ये टाळूची झडप (बोलताना नाकाकडची वाट बंद करणारी) अपुरी पडत होती. बाराव्या महिन्यात शिवलेल्यांत १५ टक्के. जबडा नंतर पुढे आणता येतो, बोलण्याचं वय परत येत नाही.

हिरडीच्या फटीत तान्हेपणीच हाड भरण्याचा प्रयोग १९५०-६० च्या दशकांत झाला आणि वाढ आणखी खुंटल्याने बहुतेकांनी तो सोडला. १९७० नंतर सुळा उगवण्याआधी, साधारण आठ ते अकराव्या वर्षी, कमरेच्या हाडाचा भुगा तिथे भरू लागले. तेच आजही चालतं. त्यातूनही जबडा फारच मागे राहिला, तर १९९० च्या दशकापासून हाड कापून, चावीने फिरवायचं उपकरण बसवून ते रोज साधारण एक मिलिमीटर पुढे ओढतात. ती चावी घरी बहुधा आईच फिरवते.