९-३ ला नारळ, ४-८ ला मुदतवाढ: नेब्रास्काच्या प्रशिक्षकबदलांची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाने आपल्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना ११ सप्टेंबर २०२२ रोजी, रविवारी, नारळ दिला. हंगामाचे तीनच सामने झाले होते. आणखी तीन आठवडे कळ काढली असती, तर १ ऑक्टोबरला त्यांना द्यायची भरपाई सुमारे दीड कोटी डॉलरवरून ७५ लाखांवर येणार होती. तेवढंही थांबायची विद्यापीठाची तयारी नव्हती. पाऊण कोटी डॉलरवर पाणी सोडावं असं एवढं काय घडलं होतं, याचं उत्तर फ्रॉस्ट यांच्या कारकिर्दीत अर्धंच सापडतं. उरलेलं अर्धं २००३ मध्ये आहे, आणि त्याची मुळं १९६२ मध्ये.

आधी थोडं त्या जगाबद्दल. हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. तो खेळणारी मुलं विद्यापीठाची विद्यार्थी असतात, पण बाकी कारभार व्यावसायिक संघांना लाजवेल असा. आपल्याकडे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे संचालक कोण, हे तिथे शिकणाऱ्या पोरांनाही सांगता येत नाही. नेब्रास्का विद्यापीठ ज्या शहरात आहे त्या लिंकनमध्ये मात्र हे पद कोणाकडे आहे हे पेट्रोल पंपावरच्या माणसालाही ठाऊक असतं, आणि मुख्य प्रशिक्षक तर राज्यातला सर्वाधिक पगाराचा सरकारी कर्मचारी. फ्रॉस्ट यांना वर्षाला ५० लाख डॉलर मिळत. त्याच राज्याच्या गव्हर्नरचा पगार होता १ लाख ५ हजार.

नेब्रास्कात तर हे खूळ आणखी खोल रुजलेलं. वस्ती जेमतेम वीस लाख, शेतीवाडीचं राज्य, व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. शनिवारी लिंकनचं मेमोरियल स्टेडियम भरलं की त्यातली गर्दी ओमाहा आणि लिंकन वगळता राज्यातल्या कुठल्याही शहरापेक्षा मोठी होते. आणि ते भरतंच: ३ नोव्हेंबर १९६२ पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं खपत आली आहेत.

त्याच वर्षी बॉब डेव्हेनी आले. त्यांच्या आधीच्या बिल जेनिंग्ज यांनी पाच हंगामांत १५ सामने जिंकून ३४ गमावले होते, म्हणजे तीही हकालपट्टीच. डेव्हेनींनी वायोमिंगहून येऊन पहिल्याच वर्षी ९ सामने जिंकले आणि १९७० व १९७१ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. मधे १९६७ आणि १९६८ ला संघ ६-४ वर (सहा विजय, चार पराभव) अडकला तेव्हा बदल करा म्हणून ओमाहात सह्या गोळा झाल्या होत्या. विद्यापीठाने तिकडे काणाडोळा केला. पुढे हे काणाडोळा करणं तिथे कुणाला फारसं जमलं नाही.

१९७३ मध्ये डेव्हेनींनी आपले सहायक टॉम ऑस्बर्न यांच्या हाती सूत्रं दिली. ऑस्बर्न २५ हंगाम राहिले: २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी आणि १९९४, १९९५, १९९७ ची राष्ट्रीय विजेतेपदं (१९९७ चं मिशिगनबरोबर वाटून). पण नेब्रास्काच्या मनावर कोरला गेलेला आकडा वेगळाच आहे. या २५ वर्षांत एकाही हंगामात त्यांचे नऊपेक्षा कमी विजय झाले नाहीत. नऊ विजय म्हणजे तळ, अशी दोन पिढ्यांची समजूत झाली. निवृत्तीनंतर हे गृहस्थ अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले, यात तिथे कोणालाच आश्चर्य वाटलं नाही.

ऑस्बर्न यांनी स्वतः निवडलेले वारसदार फ्रँक सोलिच. डेव्हेनींच्या हाताखाली खेळलेले, ऑस्बर्न यांच्याकडे कितीतरी वर्षं सहायक राहिलेले, म्हणजे अस्सल घरचे. १९९९ मध्ये १२-१. २००१ मध्ये संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत गेला, पण त्याआधी कोलोरॅडोने ६२-३६ असा धुव्वा उडवला होता आणि अंतिम सामन्यात मायामीने ३७-१४ असं लोळवलं. २००२ ला ७-७. सोलिच यांनी सहायकांची खांदेपालट केली, बचावासाठी बो पेलिनी यांना आणलं आणि २००३ मध्ये गाडी ९-३ वर आणली. कोलोरॅडोला त्यांच्या मैदानावर हरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी, २९ नोव्हेंबरला, क्रीडा संचालक स्टीव्ह पेडरसन यांनी त्यांना काढलं. संघाला सामान्यपणाकडे घसरू देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. सहा वर्षांत ५८ विजय आणि १९ पराभव असलेल्या माणसाबद्दल हे बोललं जात होतं.

माझ्या मते सगळी गोष्ट इथेच वळली. प्रशिक्षक काढणं नवं नव्हतं. चांगला चाललेला प्रशिक्षक ‘पुरेसा चांगला नाही’ म्हणून काढणं नवं होतं. आणि एकदा तसं केलं की पुढच्याला त्याहून वरचढ ठरावंच लागतं. पेडरसन यांच्याकडे दुसरा माणूस तयार होता म्हणावं, तर तसंही नाही. शोध महिनाभराहून जास्त लांबला. त्या काळात हंगामी म्हणून उभे राहिलेल्या पेलिनींनी अलामो बाउल हा हंगामानंतरचा सामना जिंकून दिला, तरी पद गेलं बिल कॅलहन यांच्याकडे. ते एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या ओकलंड रेडर्सचे माजी प्रशिक्षक, संघाला सुपर बाउलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलेले. चेंडू हातात घट्ट धरून धावण्याचा नेब्रास्काचा पिढ्यान्‌पिढ्यांचा खेळ त्यांनी मोडीत काढला आणि फेकाफेकीचा खेळ आणला. पहिल्याच वर्षी ५-६. १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा, म्हणजे विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला हंगाम. त्याच वर्षी टेक्सस टेककडून ७०-१० ने मार, २००७ मध्ये कॅन्ससकडून ७६ गुण. त्या ऑक्टोबरात आधी पेडरसन यांचीच उचलबांगडी झाली, ऑस्बर्न यांना क्रीडा संचालक म्हणून परत बोलावलं गेलं आणि हंगाम संपताच त्यांनी कॅलहन यांना निरोप दिला.

मग पेलिनी. सात हंगाम, प्रत्येक हंगामात नऊ किंवा दहा विजय आणि पहिली सहा वर्षं दर वर्षी नेमके चार पराभव, पंचांगात लिहून ठेवल्यासारखे. माणूस तापट. सामन्यात पंचांवर तोंडसुख घ्यायचे, चाहत्यांना शिव्या घातल्याची त्यांची ध्वनिफीत २०१३ मध्ये बाहेर आली. दरम्यान नेब्रास्का २०११ मध्ये बिग टेन या विद्यापीठांच्या गटात गेलं होतं आणि तिथे विजेतेपद हाती लागत नव्हतं. ३० नोव्हेंबर २०१४ ला त्यांनाही काढलं, आयोवाला हरवून आल्यानंतर. तेव्हाची स्थिती? ९-३. सोलिच यांच्यासारखीच, आकड्याला आकडा.

यापुढची नेमणूक पाहिली की विद्यापीठाच्या डोक्यात काय चालतं ते दिसतं. तापट माणूस नको झाला, म्हणून साठी ओलांडलेले, सगळ्यांशी गोड बोलणारे माइक राइली आणले. याआधीही तेच घडलं होतं: घरचा नको म्हणून परका, परका फसला म्हणून पुन्हा ओळखीचा. गेलेल्या माणसाच्या दोषाला उतारा म्हणून नवा माणूस शोधायचा. संघाला नेमकं काय हवंय, हा प्रश्न मागेच. राइलींचा तिसरा हंगाम ४-८ ने संपला, शेवटचा सामना आयोवाकडून ५६-१४ असा गेला आणि २५ नोव्हेंबर २०१७ ला त्यांचीही गच्छंती झाली.

उतारा म्हणून आता घरचा पोर. फ्रॉस्ट मूळचे नेब्रास्कातल्याच वुड रिव्हर गावचे आणि १९९७ च्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारे खेळाडू. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ त्यांनी दोन वर्षांत असा उभा केला की २०१७ चा हंगाम एकही सामना न गमावता संपला. सात वर्षं, साडेतीन कोटी डॉलर असा करार झाला. राज्यभर दिवाळी. प्रत्यक्षात २०१८ ची सुरुवात लागोपाठ सहा पराभवांनी झाली, तशी त्या संघाच्या इतिहासात कधीच झाली नव्हती, आणि शेवट ४-८ ने. तरीही २०१९ च्या नोव्हेंबरात, दुसरा हंगामही तोट्यात चाललेला असताना, विद्यापीठाने त्यांना २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली. भरपाईचा बोजा वाढतो तो अशा सह्यांनी. काढताना दिसणारी रक्कम आधीच कबूल केलेली असते, फक्त तेव्हा पेढे वाटले जात असतात.

एवढा पैसा येतो कुठून, हेही इथेच सांगायला हवं. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलचं टीव्ही प्रक्षेपण एनसीएए ही शिखर संस्था मुठीत ठेवून होती. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मूठ उघडली आणि विद्यापीठं व त्यांचे गट आपापले सामने विकू लागले. फ्रॉस्ट जाण्याच्या महिनाभर आधीच बिग टेनने सात वर्षांसाठी ७०० कोटी डॉलरच्या वरचा करार जाहीर केला होता. अशा ताळेबंदात पाऊण कोटी डॉलर म्हणजे किरकोळ खर्च.

२०२१ मध्ये नवे क्रीडा संचालक आले ट्रेव्ह अल्बर्ट्स, तेही नेब्रास्काचे जुने खेळाडू. तो हंगाम ३-९ असा गेला, पण नऊच्या नऊ पराभव दहापेक्षा कमी गुणांच्या फरकाने. ‘अगदी थोडक्यात गेलं’ असं म्हणायला जागा होती. अल्बर्ट्स यांनी मधला मार्ग काढला: पगार ५० लाखांवरून ४० लाख, भरपाई १ ऑक्टोबर २०२२ पासून निम्मी, आणि आणखी एक संधी.

ही संधी डब्लिनमध्ये सुरू झाली. २७ ऑगस्टला आयर्लंडच्या अविवा स्टेडियमवर नॉर्थवेस्टर्नशी सामना होता. (स्टेडियममधली इंटरनेट यंत्रणा कोलमडल्याने पैसे घेता येईनात, म्हणून बिअर फुकट वाटली गेली, नेब्रास्काच्या चाहत्यांना त्या दिवशी ती लागणारच होती.) तिसऱ्या सत्रात नेब्रास्का २८-१७ ने पुढे. गुण केल्यावर चेंडू लांब लाथाडून समोरच्याला द्यायचा असतो. मागे पडलेला संघ कधीकधी तो मुद्दाम जवळच मारतो आणि झडप घालून परत मिळवायचा जुगार खेळतो. फ्रॉस्ट यांनी अकरा गुणांची आघाडी असताना हा जुगार खेळला. चेंडू नॉर्थवेस्टर्नला मिळाला, सामन्याचं पारडं फिरलं, निकाल ३१-२८. नॉर्थवेस्टर्नने त्या हंगामात पुढे एकही सामना जिंकला नाही.

१० सप्टेंबरला लिंकनमध्ये आला जॉर्जिया सदर्न. मोठे संघ अशा लहान संघांना पैसे देऊन पाहुणे बोलावतात, घरच्या मैदानावर हक्काचा विजय पदरात पडावा म्हणून. नेब्रास्कानेही दहा लाखांहून जास्त डॉलर मोजले होते. पाहुण्यांनी ६४२ यार्ड मजल मारली आणि शेवटच्या मिनिटात गुण करून ४५-४२ ने सामना नेला. घरच्या मैदानावर ३५ किंवा जास्त गुण केल्यावर नेब्रास्का तोवर २१४ वेळा खेळलं होतं आणि २१४ वेळा जिंकलं होतं. फ्रॉस्ट यांची एकूण बेरीज १६ विजय, ३१ पराभव. त्यातले एका फटक्यात फिरू शकणारे, आठ किंवा कमी गुणांच्या फरकाचे सामने ५-२२.

घाईला एक व्यावहारिक कारणही होतं. २०१७ पासून शाळकरी खेळाडूंशी करार करण्याचा पहिला मुहूर्त फेब्रुवारीऐवजी डिसेंबरात आला. नवा प्रशिक्षक नोव्हेंबरअखेर हवा असेल तर शोध सप्टेंबरात सुरू केलेला बरा, असा हिशेब सगळीकडेच होऊ लागला. हंगामी जबाबदारी मिकी जोसेफ यांच्याकडे गेली. त्या संघाचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. पहिल्याच सामन्यात ओक्लाहोमाने ४९-१४ ने हरवलं.

२६ नोव्हेंबरला मॅट रूल यांचं नाव जाहीर झालं. आठ वर्षं, सुमारे ७ कोटी ४० लाख डॉलर. टेम्पल आणि बेलर या विद्यापीठांची मोडकळीला आलेली दोन घरं त्यांनी सावरली होती. बेलर पहिल्या वर्षी १-११ होतं, तिसऱ्या वर्षी ११-३. आणि त्यांनाही त्याच ऑक्टोबरात एनएफएलच्या कॅरोलायना पँथर्सने काढून टाकलं होतं. नेब्रास्कात त्यांचा पहिला हंगाम ५-७, दुसरा ७-६. ते सात विजय २०१६ नंतरचा पहिला फायद्याचा हंगाम ठरले.

सोलिच दरम्यान ओहायो विद्यापीठात गेले, तिथे ११५ सामने जिंकून आपल्या गटातले सर्वाधिक विजयांचे प्रशिक्षक ठरले. फ्रॉस्ट २०२४ च्या डिसेंबरात सेंट्रल फ्लोरिडाला परतले. अल्बर्ट्स यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये नेब्रास्का सोडून टेक्सस ए अँड एमचं क्रीडा संचालकपद घेतलं. त्या विद्यापीठाने चारच महिन्यांपूर्वी आपले प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढलं होतं, साडेसात कोटी डॉलरहून जास्त भरपाई कबूल करून.