लेन्स गेली तेव्हा : संगणकावरून कन्सोलला गेम पुरवण्यामागची पार्श्वभूमी

जळगावच्या गोलाणी मार्केटात काय किंवा धुळ्याच्या एखाद्या गल्लीत काय, प्लेस्टेशन २ हे सोनीचे टीव्हीला जोडून गेम खेळण्याचे यंत्र (कन्सोल) पिशवीत घालून दुरुस्तीला आणणाऱ्या मुलाची तक्रार बहुधा एकाच वाक्याची असे : "भाऊ, डिस्क फिरस, पन गेम चालस नही." दुकानदार झाकण उघडायचा, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस काडीला गुंडाळून मसुराएवढ्या लेन्सवरून हलकेच फिरवायचा आणि पुन्हा चालू करून पाहायचा. तेवढ्याने भागले तर ठीक, नाहीतर लेन्स बदलायची. पुढे या दोन उपायांच्या जोडीला तिसरा आला. त्यात डिस्क लागतच नव्हती. घरच्या संगणकात गेमची प्रत ठेवायची, नेटवर्कची वायर जोडायची आणि कन्सोलला ती प्रत हीच डिस्क असल्याचे भासवायचे. हा तिसरा उपाय पायरीपायरीने कसा घडत गेला, हे सांगण्यासाठी हे टिपण आहे.

कन्सोलच्या सगळ्या भागांत सर्वांत आधी दगा देतो तो डिस्क वाचणारा भाग, कारण हलणारा आणि प्रकाशाने काम करणारा तोच असतो. प्लेस्टेशन २ मार्च २००० मध्ये जपानमध्ये आला, तेव्हा त्याची डिस्क खणातून आत सरकत असे. २००४ मध्ये आलेल्या सडपातळ आवृत्तीत मात्र झाकण वर उघडून डिस्क ठेवायची असल्यामुळे प्रत्येक वेळी लेन्स उघडी पडू लागली. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास गेलेला असताना आणि खिडकीतून सतत धूळ येत असताना त्या लेन्सचे काय होत असेल, हे खान्देशातल्या वाचकाला निराळे सांगायला नको. त्यात इथले बहुतेक कन्सोल 'चिप लावलेले', म्हणजे नकली डिस्क चालावी म्हणून आत जादा चिप बसवलेले असत आणि त्यांत फिरणाऱ्या डिस्का संगणकाच्या डिस्क लिहिणाऱ्या घरगुती बर्नरवर उतरवलेल्या. अशी डिस्क छापील डिस्कपेक्षा कमी प्रकाश परावर्तित करते, त्यामुळे ती वाचताना लेन्सची कसोटी लागते.

डिस्कऐवजी वायरीतून गेम पुरवण्याची वाट मात्र प्लेस्टेशनवर नव्हे, निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर सापडली. या यंत्राच्या डिस्का ८ सेंटिमीटर व्यासाच्या, सुमारे दीड जीबी क्षमतेच्या आणि खास धाटणीच्या होत्या. त्यांची नक्कल साध्या बर्नरवर होत नसे. 'फँटसी स्टार ऑनलाइन' हा गेम इंटरनेटवरून खेळण्यासाठी गेमक्यूबला नेटवर्कचे जोडयंत्र लावता येई आणि तो गेम सुरू होताना कंपनीच्या सर्व्हरकडे सुधारणा मागे. २००३ च्या सुमारास हौशी प्रोग्रामरांनी कन्सोलला त्या सर्व्हरऐवजी घरच्या संगणकाचा पत्ता दिला. कन्सोल बिनदिक्कत संगणकाशी बोलू लागला आणि त्याने पाठवलेला प्रोग्राम चालवू लागला. त्या प्रोग्रामच्या आधारे अख्खी डिस्क संगणकावरून तुकड्यातुकड्याने वाचता येऊ लागली. वेग बेताचा असल्याने चित्रफिती अडखळत आणि आवाज तुटत असे, म्हणून ही युक्ती फारशी पसरली नाही. तरीही डिस्क म्हणजे प्लॅस्टिकची चकती नसून मागितल्यावर मिळणाऱ्या तुकड्यांची एक रांग आहे, ही पुढच्या साऱ्या प्रकाराचा पाया असलेली कल्पना तिथे प्रत्यक्षात आली होती.

प्लेस्टेशन २ वर ती कल्पना पक्की झाली. त्याच्या जाड आवृत्तीत मागे हार्ड डिस्क बसवण्याची जागा होती आणि २००४ च्या सुमारास गेम हार्ड डिस्कवर उतरवून चालवणारे प्रोग्रामही आले होते. सडपातळ आवृत्तीत कंपनीने ती जागा काढून टाकली, पण नेटवर्कची खाच मात्र आतच बसवून दिली. एक दार बंद करताना दुसरे उघडे राहिले, असा हा प्रकार होता. उरला होता यूएसबीचा मार्ग, पण त्या यंत्राची यूएसबी १.१ जातीची, म्हणजे कागदावर सेकंदाला १२ मेगाबिट, फार तर दीड मेगाबाइट. त्याची डीव्हीडी ४ पट वेगाने, म्हणजे सेकंदाला सव्वापाच मेगाबाइटच्या आसपास वाचली जाते. त्यामुळे पेनड्राइव्हवरून गेम सुरू होई, पण मधल्या चित्रफिती कासवगतीने पुढे सरकत. नेटवर्कची खाच १०० मेगाबिटची, म्हणजे कागदावर साडेबारा मेगाबाइटची होती. प्रत्यक्षात यातले बरेच गळून जात असले, तरी डिस्कच्या जवळपास पोहोचणारा वेग सडपातळ यंत्रात त्या वायरीतच होता.

२००९ च्या सुमारास आकाराला आलेल्या 'ओपन पीएस२ लोडर' या गेम चालू करून देणाऱ्या मुक्त प्रोग्रामने या मार्गांना एका छताखाली आणले. त्याची करामत समजून घेण्यासारखी आहे. प्लेस्टेशन २ मध्ये मुख्य प्रोसेसरखेरीज दुसरा एक लहान प्रोसेसर असतो. सुरुवातीच्या यंत्रांत तो मूळच्या पहिल्या प्लेस्टेशनचाच, आणि डिस्क, मेमरी कार्ड, नेटवर्क ही बाहेरची कामे त्याच्याकडे असतात. गेमला डिस्कवरचा भाग हवा असला की मुख्य प्रोसेसर या दुय्यमाला '२०४८ बाइटांचा अमुक क्रमांकाचा तुकडा आण' असे सांगतो. लोडर या दुय्यमाच्या स्मृतीतला डिस्क सांभाळणारा भाग काढून त्याजागी स्वतःचा भाग ठेवतो. तुकड्याची मागणी आली की तो लेन्सकडे न जाता वायरीतून संगणकाकडे जातो, तिथल्या फाइलमधून तेवढेच बाइट मागतो आणि गेमच्या हाती ठेवतो. गेमला काही कळत नाही. हे सगळे केवळ २ मेगाबाइट स्मृतीत, तेही गेमचा स्वतःचा दुय्यम कोड तिथेच वस्तीला असताना बसवायचे होते. म्हणूनच काही गेमांसाठी वेगळ्या 'मोड' (चालवण्याच्या निराळ्या पद्धती) कराव्या लागत आणि काही गेम शेवटपर्यंत हट्टीच राहिले.

लोडर कन्सोलमध्ये शिरणार कसा, हा प्रश्न २००८ मध्ये आलेल्या 'फ्री एमसीबूट' या छोट्या प्रोग्रामने सोडवला होता. ८ एमबीच्या मेमरी कार्डावर तो उतरवला की यंत्र चालू होतानाच तो चालू होई. चिप नको, झाळकाम नको. शेवटच्या सडपातळ यंत्रांपैकी नव्या रॉमच्या (आत कायमच्या बसवलेल्या प्रोग्रामच्या) काही यंत्रांवर मात्र तो चालत नसे. त्यामुळे जुनी सडपातळ यंत्रे जास्त मागणीत राहिली.

घरी मात्र मांडणी किचकट वाटे. संगणकावर एक फोल्डर सामायिक करायचे, त्यात 'सीडी' आणि 'डीव्हीडी' नावाचे दोन उपफोल्डर, फाइलच्या नावात गेमचा क्रमांक, दोन्ही यंत्रांना जुळणारे आयपी (नेटवर्कवरचे) पत्ते. भारनियमनाच्या काळात तर टीव्ही, कन्सोल आणि संगणक या तिघांनाही एकाच वेळी वीज लागे. खेळ मेमरी कार्डावर जपला जात असतानाच दिवे गेले तर कार्ड बिघडण्याचा धोका असे. ज्याच्या घरी इन्व्हर्टर त्याच्या घरी गेम, हे ओघानेच आले.

प्लेस्टेशन ३ वर कारण थोडे बदलले. २०१० नंतर हौशींनी सुधारलेले फर्मवेअर (यंत्राचा मूळ प्रोग्राम) आले, पण बाहेरची डिस्क फॅट३२ या जुन्या मांडणी-पद्धतीचीच असावी लागे आणि तीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, तर ब्लू-रे एका थरात २५ जीबी. संगणकावर छोटा सर्व्हर प्रोग्राम चालू ठेवला की फाइल तुकडे न करता थेट कन्सोलला मिळे. इथे लेन्सपेक्षा फाइलचा आकार निर्णायक ठरला.

कायद्याबद्दल गफलत नको. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार, कायदेशीररीत्या प्रत बाळगणाऱ्याला संगणक प्रोग्राम नष्ट होण्यापासून वाचवण्यासाठी तात्पुरता बॅकअप करता येतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ मात्र हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण-कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते. आपल्याकडे रस्त्यावर विकत घेतलेल्या डिस्कच्या प्रतीलाही 'बॅकअप' म्हणण्याची रीत पडली. मूळच नसताना बॅकअप कशाचा, हे कुणी विचारले नाही.

या मांडणीला सर्वांत मोठा धक्का बसला तो कन्सोलच्या बाहेरून. लोडर फाइल मागण्यासाठी विंडोजच्या एसएमबी या नेटवर्कवर फाइल देण्याघेण्याच्या पद्धतीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीचा आधार घेत होता. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस त्याच आवृत्तीतल्या दोषाचा फायदा घेऊन जगभर पसरला आणि त्याच वर्षाअखेरच्या विंडोज १० पासून ती आवृत्ती नव्या संगणकात मुळात बसवणेच बंद झाले. संगणक बदलला आणि गेम दिसेनासे झाले, असे सांगत अनेक जण पुन्हा त्याच दुकानांत आले. तो भाग हाताने चालू करणे म्हणजे घराची मागची कडी काढून ठेवणे होते. म्हणून जाणत्यांनी रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक फक्त कन्सोलसाठी वेगळा ठेवला आणि घरच्या संगणकाला या व्यवहारातून बाहेर काढले. पुढे लोडरमध्ये एसएमबी टाळणारा स्वतंत्र मार्गही आला. अशा घरांत आजही एखादा सडपातळ प्लेस्टेशन २ टीव्हीखाली चालू असतो. त्याच्या झाकणाखालची लेन्स कित्येक वर्षांत हललेली नसते.