स्कोलिओसिसचा ब्रेस: जुना उपाय, उशिरा आलेला पुरावा

किशोरवयात पाठीचा कणा बाजूला झुकू लागला (स्कोलिओसिस) की ब्रेस, म्हणजे धडाला बाहेरून आधार देणारा ताठ साचा, लावायचा, ही कल्पना फार जुनी आहे. सोळाव्या शतकात फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रुआज पारे चिलखत घडवणाऱ्या कारागिरांकडून लोखंडी कॉर्सेट बनवून घेत असे. आधुनिक ब्रेसची सुरुवात झाली ती 1940च्या दशकात, ब्लाउंट आणि श्मिट यांच्या मिलवॉकी ब्रेसने. पोलिओग्रस्तांच्या शस्त्रक्रियेनंतर आधार म्हणून तो आधी वापरला गेला. कमरेपासून गळ्यापर्यंत धातूच्या पट्ट्या, वर मानेभोवती कडे. हनुवटीखालच्या पॅडच्या दाबाने मुलांच्या दातांची ठेवण बिघडू लागली, तेव्हा तो भाग बदलावा लागला. 1970च्या दशकात काखेखालीच संपणारा प्लास्टिकचा बॉस्टन ब्रेस आला. तो निदान कपड्यांखाली झाकता तरी येई.

ब्रेस बदलत गेले, पण त्यांचा उपयोग होतो का, याचे उत्तर पक्के होत नव्हते. मुळात ब्रेसचे काम कणा सरळ करणे नसून, वाढ संपेपर्यंत बाक वाढू न देणे हे आहे. आणि कित्येकांचा बाक काहीही न करता जागीच थांबतो. मग श्रेय ब्रेसला द्यायचे की निसर्गाला? 1995 साली 286 मुलींच्या एका अभ्यासात ब्रेस घालणाऱ्यांपैकी 74 टक्के, तर नुसत्या देखरेखीखालच्यांपैकी 34 टक्के मुलींचा बाक आटोक्यात राहिला. पण कोणाला कोणता उपचार, हे तिथे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते, त्यामुळे शंका उरलीच.

ती बरीचशी फिटली 2013 मध्ये. अमेरिका आणि कॅनडातल्या 25 केंद्रांवर ब्रेस्ट (BrAIST) नावाची चाचणी झाली. मुले 10 ते 15 वर्षांची, बाक 20 ते 40 अंशांचा. उपचार चिठ्ठीवर सोडायला अनेक कुटुंबे तयार होईनात, म्हणून स्वतः निवड करणाऱ्यांचा वेगळा गट ठेवावा लागला. (आईवडिलांना दोष कसा द्यावा?) सर्व मिळून 242 मुलांच्या विश्लेषणात ब्रेस गटातली 72 टक्के आणि देखरेखीच्या गटातली 48 टक्के मुले 50 अंशांच्या आत राहून वाढ पूर्ण करू शकली. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली.

माझ्या मते या चाचणीतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ब्रेसमध्ये बसवलेला तापमान-सेन्सर. ब्रेस अंगावर असला की तापमान वाढते, त्यावरून खरे तास कळतात. मुलाने काय सांगितले यावर विसंबावे लागत नाही. सल्ला रोज किमान 18 तासांचा होता. सरासरी 13 तासांच्या आसपास किंवा जास्त घालणाऱ्यांत 90 टक्क्यांहून अधिक यश दिसले. सहा तासांपर्यंतच घालणाऱ्यांचे निकाल मात्र ब्रेस न घालणाऱ्यांसारखेच होते. अर्थात हे तास कोणी चिठ्ठीने वाटून दिले नव्हते; नेमाने ब्रेस घालणारी मुले इतर बाबतींतही वेगळी असू शकतात.

आता वाद उरला आहे तो त्या 48 टक्क्यांचा. ब्रेसशिवायही ज्यांचे निभावले असते, अशी मुले आधीच ओळखायची कशी? सध्या बाकाचे अंश आणि हाडांची उरलेली वाढ पाहून अंदाज बांधला जातो, आणि तो अनेकदा चुकतो.