हिस्पॅनिक समुदायांतील व्यसनप्रतिबंध व उपचार कार्यक्रमांचे मूल्यमापन

अमेरिकेतील लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांसाठी चालवलेले दारू व अमली पदार्थविरोधी कार्यक्रम खरोखर गुण देतात का, हे पडताळण्याचे काम. २०२० च्या जनगणनेत हा समाज सुमारे ६.२ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास १९ टक्के होता. मेक्सिकन, प्वेर्तो रिकन, क्यूबन अशा भिन्न इतिहासांची माणसे त्यात एकत्र मोजली जातात आणि मूल्यमापनाची पहिली अडचण तिथेच उभी राहते. अमेरिकेत जन्मलेल्या मेक्सिकनांत व्यसनांचे प्रमाण स्थलांतरित मेक्सिकनांपेक्षा बरेच जास्त आढळते. प्वेर्तो रिकनांत हा फरक तेवढा ठळक नाही. सगळ्यांची सरासरी काढली, तर नेमका हाच भेद बुजतो.

या क्षेत्रातील बोलके उदाहरण ॲरिझोनातील फीनिक्सचे. फ्लाव्हिओ मार्सिलिया, मायकेल हेख्ट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या माध्यमिक शाळांसाठी 'कीपिन इट रिअल' हा दहा पाठांचा अभ्यासक्रम तयार केला. कोणी सिगारेट किंवा दारू पुढे केली, तर स्पष्ट नकार द्यायचा, कारण सांगायचे, तो प्रसंगच टाळायचा किंवा तिथून निघून जायचे, हे चार मार्ग त्यात शिकवले जातात. पाठांसोबतच्या चित्रफिती स्थानिक विद्यार्थ्यांनीच बनवल्या. ३५ शाळांत चाचणी झाली. मेक्सिकन, कृष्णवर्णीय-श्वेतवर्णीय आणि मिश्र अशा तीन आवृत्त्या चिठ्ठी पद्धतीने वाटल्या आणि काही शाळा तुलनेसाठी ठेवल्या. मेक्सिकन व मिश्र आवृत्त्यांचा परिणाम चांगला दिसला. पण मुलाला त्याच्याच वंशाची आवृत्ती मिळाल्याने फारसा जादा लाभ झाल्याचे दिसले नाही. माझ्या मते ही नोंद यशाच्या आकड्यांहून मोलाची आहे, कारण 'संस्कृतीला साजेसे' म्हणजे नेमके काय, हे त्यामुळे तपासावे लागते.

मायामीत मानसशास्त्रज्ञ होसे सापोच्निक यांनी १९७० च्या दशकापासून क्यूबन कुटुंबांबरोबर काम करत कौटुंबिक उपचारपद्धती विकसित केली. तिथे एकट्या मुलाऐवजी अख्खे घर उपचाराला बसते, त्यामुळे मूल्यमापनातही पालक-मुलांचे संबंध मोजावे लागतात.

उपचारांच्या बाजूला पुरावा तोकडा आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री चाचणीत ४०५ स्पॅनिशभाषक रुग्णांवर प्रेरणावर्धक उपचार (रुग्णाची स्वतःची बदलण्याची इच्छा बळकट करणारे समुपदेशन) आणि नेहमीचे समुपदेशन, दोन्ही स्पॅनिशमधूनच, तपासले गेले. व्यसन दोन्ही गटांत घटले. प्रेरणावर्धक उपचाराचा जादा फायदा मुख्यतः दारूच्या रुग्णांत दिसला. अशा अभ्यासांत मध्येच गळणाऱ्यांकडे बारकाईने पाहावे लागते. हंगामी मजुरीसाठी गाव बदलणारा किंवा वास्तव्याची कागदपत्रे नसल्याच्या भीतीने पत्ता न देणारा माणूस पुढच्या फेरीत सापडत नाही आणि उरलेल्यांच्या आकड्यांवरून कार्यक्रम आहे त्याहून सरस भासू शकतो.