एमजीएच्या बॉनेटखालची ॲम्बॅसेडर

संभाजीनगरला जालना रोडलगतच्या एका गॅरेजात गेल्या उन्हाळ्यात दोन सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाची वरची झाकणं, शेजारीशेजारी पालथी ठेवलेली पाहिली. एक ॲम्बॅसेडरचं, भंगारातून किलोच्या भावानं आणलेलं. दुसरं एमजीए या इंग्रजी स्पोर्ट्स कारचं, एका हौशी माणसानं मुंबईहून आणलेल्या गाडीवरून उतरवलेलं. मिस्त्रींनी रॉकेलचा फडका दोन्हींवर फिरवला. काजळी निघाली तसा दोन्हींत एकच आकार दिसला: पत्त्यातल्या बदामासारखा खड्डा, दोन व्हॉल्व्हच्या मधे टोक काढलेला. ‘‘सांगा, कुठलं कुणाचं?’’ त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही.

जुनी स्पोर्ट्स कार घ्यायला निघालेला माणूस इंजिनापाशी येऊन अडतो. एकाच मॉडेलमध्ये तीन-चार वेगवेगळी इंजिनं आलेली असतात. १५०० सीसीची घ्यावी की १६०० ची, साधी घ्यावी की ट्विन-कॅम, चार सिलिंडर की व्ही-एट? बहुतेक जण हॉर्सपॉवरचे आकडे समोर ठेवून ठरवतात. मराठवाड्यात राहून गाडी चालवायची असेल तर मी आकड्यांच्या आधी इंजिनाचं घराणं बघेन. या इंजिनांचे सख्खे भाऊ आपल्या रस्त्यांवर चाळीस-पन्नास वर्षं राबले आहेत. ते कुठले, हे कळलं की निवड निम्मी झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या छोट्या स्पोर्ट्स कार बनवणाऱ्यांकडे स्वतःचं इंजिन नव्यानं घडवण्याएवढा पैसा नव्हता. घरगुती गाडीचं इंजिन घ्यायचं, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण) वाढवायचं, एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर बसवायचे आणि ते हलक्या, बुटक्या बॉडीत टाकायचं, ही तेव्हाची रीत होती. १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली. तिचं मधल्या आकाराचं इंजिन म्हणजे बी-सीरिज. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९, मिळून १४८९ सीसी. हेड बिडाचं आणि दहनकक्षाचा तो बदामी आकार हॅरी वेस्लेक या इंजिनिअरचा. १९५५ च्या सप्टेंबरात एमजीए आली ती हेच इंजिन घेऊन. सुरुवातीला ६८ हॉर्सपॉवर, लवकरच ७२.

इकडे उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सनं मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज-३ वरून ॲम्बॅसेडर बेतली. सुरुवातीला तिच्यात जुनं साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं. १९५९ पासून १४८९ सीसीचं बी-सीरिज आलं. म्हणजे ॲबिंग्डनच्या कारखान्यात ज्या वर्षांत एमजीए बनत होती, त्याच वर्षांत तिच्या इंजिनाचा भाऊ आपल्याकडे कलेक्टर साहेबांच्या गाडीत, डॉक्टरांच्या गाडीत आणि लग्नाच्या वऱ्हाडात फिरायला लागला. ताकद कमी, कॉम्प्रेशन कमी, कार्ब्युरेटर एकच. पण बोअर तोच, स्ट्रोक तोच. परभणी-नांदेडच्या मिस्त्रींनी ही इंजिनं शेकड्यांनी उतरवली आणि बांधली. टॅपेटचा गॅप किती ठेवायचा, डेल्कोचं (ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) टाइमिंग कानानं कसं लावायचं, हे त्यांच्या हाताला पाठ झालं. एवढ्या लोकांनी एवढी वर्षं कमावलेलं हे ज्ञान आज पैसे देऊनही मिळत नाही. ते अजून शिल्लक आहे, तेही साठीच्या पुढच्या हातांत.

म्हणून साध्या १५०० इंजिनाची एमजीए ही माझी पहिली पसंती. १९५९ मध्ये १५८८ सीसीची १६०० आली आणि १९६१ मध्ये १६२२ सीसीची मार्क-२. दोन्ही पळायला जास्त चांगल्या, पण त्यांचा बोअर वेगळा. पिस्टन बाहेरून मागवावे लागतात आणि मागवलेला माल येईपर्यंत गाडी जॅकवर उभी राहते.

ट्विन-कॅमबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण नावाला भुलणारे पुष्कळ आहेत. १९५८ मध्ये त्याच बी-सीरिजच्या बुंध्यावर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दोन कॅमशाफ्टचं ॲल्युमिनिअमचं हेड बसवलं गेलं. १५८८ सीसी, १०८ हॉर्सपॉवर, कॉम्प्रेशन ९.९ ला १. त्या काळी हा आकडा फार मोठा होता. इंजिन पळायचं झकास, पण पिस्टन जळायचे, वरच्या बाजूला भोकंच पडायची. इग्निशन टाइमिंग जरा पुढे असलं किंवा पेट्रोल हलक्या प्रतीचं असलं की संपलं. पुढे कॉम्प्रेशन ८.३ वर आणलं, तोवर नाव खराब झालेलं होतं. पेट्रोल-हवेचं मिश्रण मधेच पातळ होऊनही पिस्टन जळायचे, त्याचं कारण बऱ्याच काळानं उलगडलं: ठरावीक फेऱ्यांवर इंजिनाच्या थरथरीनं कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलला फेस यायचा. सव्वादोन हजारही गाड्या झाल्या नाहीत, २,१११ वर उत्पादन थांबलं. एक लाखाहून अधिक एमजीए बनल्या, त्यातल्या एवढ्याच ट्विन-कॅम, म्हणून आज तिची किंमत चढी. संग्रहात ठेवायला ती उत्तमच. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीला कन्नडचा घाट चढायचा असेल तर मी तिच्या वाटेला जाणार नाही.

एमजीएनंतरच्या, १९६२ च्या एमजीबीत तेच इंजिन १७९८ सीसीचं झालं. इथे खरेदी करणाऱ्यानं एकच गोष्ट विचारायची: क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) तीन बेअरिंगवर आहे की पाच? १९६४ च्या ऑक्टोबरपर्यंत तीन, नंतर पाच. पाच बेअरिंगचं इंजिन जास्त टिकतं. तीन बेअरिंगचा क्रँक मात्र आपल्याकडच्या क्रँक ग्राइंडिंगवाल्याच्या ओळखीचा, कारण ॲम्बॅसेडरचं बी-सीरिज शेवटपर्यंत तीन बेअरिंगचंच राहिलं. लांब पल्ल्याला पळवायची तर पाच, एरवी तीन पुरतं. सहा सिलिंडरच्या एमजीसीचं २९१२ सीसी इंजिन वजनदार, नाक जड. ती सोडून द्यावी.

एमजीबी जीटी व्ही-एटची गोष्ट वेगळ्याच कारणानं लक्षात ठेवण्यासारखी आहे. रोव्हरचं ३५२८ सीसीचं हे इंजिन मुळात अमेरिकेतल्या ब्यूकचं, सगळं ॲल्युमिनिअमचं, त्यामुळे आठ सिलिंडर असूनही वजनाला चार सिलिंडरच्या बिडाच्या इंजिनाएवढंच. १९७३ च्या ऑगस्टमध्ये गाडी आली आणि ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं. तेल महागलं. १९७६ पर्यंत २,५९१ गाड्या काढून ती बंद केली गेली.

त्याच तेलानं आपल्याकडच्या इंजिनांचंही नशीब फिरवलं. पेट्रोल परवडेना तेव्हा गावोगावच्या ॲम्बॅसेडरमधून पेट्रोल इंजिनं उतरली आणि त्या जागी डिझेल चढली. मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलेल्या ॲम्बॅसेडर बीड-लातूरकडे पुढे कितीतरी वर्षं टप्पा वाहतूक करत होत्या. १९८० च्या सुमाराला कंपनीनं स्वतःच डिझेल ॲम्बॅसेडर काढली. उतरवलेली १४८९ सीसीची पेट्रोल इंजिनं भंगारात गेली. काही शेडच्या कोपऱ्यात पोत्याखाली राहिली. आज एमजीएचं इंजिन बांधायला बसलेला माणूस त्या पोत्यांचाच शोध घेतो.

दुसरं घराणं ट्रायम्फचं. १९५३ च्या स्टँडर्ड एट गाडीत ८०३ सीसीचं एक छोटं इंजिन आलं. त्याचा स्ट्रोक ७६ मिलिमीटर. बोअर वाढवत वाढवत त्याचं ९४८ झालं, ११४७ झालं, १२९६ झालं, स्ट्रोक मात्र तोच. ९४८ सीसीवाली ट्रायम्फ हेराल्ड १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनू लागली. पुढे चार दारांची खास भारतीय आवृत्ती आली आणि १९७२ मध्ये गझेल. आपल्याकडे इंजिन शेवटपर्यंत ९४८ चंच राहिलं. इंग्लंडमध्ये त्याच हेराल्डच्या चेसिसवरून १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार निघाली, ११४७ सीसी, ६३ हॉर्सपॉवर. १९६७ च्या मार्क-३ मध्ये १२९६ सीसी आलं आणि मला या घराण्यातलं तेच सगळ्यात गोड वाटतं. १९७४ च्या १५०० साठी स्ट्रोक ७६ वरून ८७.५ वर नेला. खेच वाढली, पण क्रँकच्या बेअरिंगवरचा ताणही वाढला आणि जोरात पळवलेल्या १५०० च्या गाड्यांची बिग-एंड बेअरिंगं (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणारी) लवकर खडखडतात.

या इंजिनांची एक जुनी खोड आहे, हेराल्डपासून स्पिटफायरपर्यंत सगळ्यांना लागलेली. क्रँक पुढे-मागे सरकू नये म्हणून आत दोन अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशर असतात. ते झिजून खालच्या ऑइल संपमध्ये (तेलाच्या परातीत) गळून पडले की क्रँक थेट ब्लॉकवर घासायला लागतो आणि ब्लॉक वाया जातो. जालन्याला एक हेराल्ड बघायला गेलो होतो तेव्हा मिस्त्रींनी मला आत बसवलं आणि क्लच दाबून सोडायला सांगितलं, इंजिन बंद ठेवून. ते स्वतः समोर वाकून क्रँकच्या पुलीवर बोट टेकवून होते. ‘‘पुन्हा दाबा.’’ तिसऱ्यांदा दाबल्यावर त्यांनी मान हलवली. मी उतरून बघितलं तर प्रत्येक दाबाला पुली सुताभर पुढे येत होती. मालक म्हणत होते, इंजिन नुकतंच बांधलंय. आम्ही चहा घेतला आणि परत आलो. स्पिटफायर घेणाऱ्यानं ही एक परीक्षा चुकवू नये. हिला ना हत्यार लागतं, ना पैसा.

तिसरं घराणं फियाटचं, आणि त्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यातल्या स्पोर्ट्स कार आपल्या आवाक्यात यायच्या नाहीत. कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसी इंजिन १९३७ च्या फियाट ११०० च्या कुळातलं. ६८ बाय ७५ चं ते जुनं इंजिन सुधारून १९४७ ची सिसिटालिया २०२ बनली, जी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ठेवली आहे. ज्यांनी पद्मिनी चालवली आहे त्यांना हेड किती लवकर वाकतं ते माहीत आहे: खाली बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनिअमचं हेड, आणि आपल्याकडचं बोअरवेलचं क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये. कुठलीही जुनी गाडी घ्या, तिच्या रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घालू नका. ॲल्युमिनिअमच्या हेडची असेल तर अजिबातच नको.

इंजिन कुठलंही निवडलं तरी आजच्या पेट्रोलशी त्याची गाठ पडतेच. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर वाढली. शिसं व्हॉल्व्ह आणि तो जिथे टेकतो ती सीट यांच्यात एक पातळ थर धरायचं. २००० साली देशभर शिसं बंद झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं, मुलांच्या रक्तात ते जात होतं. पण बिडाच्या हेडमधल्या मऊ सीट तेव्हापासून खचतात आणि टॅपेटचा गॅप आपोआप बुजत जातो. हेड उतरवलंच आहे तर कडक धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. वाळूजच्या लहान वर्कशॉपांत हे काम नीट होतं. १९८५ मध्ये तिथे बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या आसपास सुट्या भागांची लेथ-मिलिंगवाली मंडळी वाढत गेली. मायक्रोमीटर वाचणारे हात तिथे आहेत. दुसरी गोष्ट इथेनॉलची. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं. कारखान्याला ऊस घालणाऱ्याला त्याचा आधार आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. फक्त जुन्या गाडीचे रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि फ्लोट चेंबरखालचा बूच-वॉशर त्यात टिकत नाहीत. ते इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालून कार्ब्युरेटरचा जेट एक नंबर मोठा करावा लागतो, नाहीतर मिश्रण पातळ पडून इंजिन तापतं.

शेवटचा मुद्दा कागदांचा. २०२१ च्या जुलैपासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हीए अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये, फेरनोंदणीला पाच हजार, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. रोजच्या वापराला ती चालत नाही, प्रदर्शन आणि रॅलीला चालते. तेव्हा डिझेल चढवलेली स्पोर्ट्स कार कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

जालना रोडवरच्या त्या एमजीएचं हेड खरंच तिचं होतं. ब्लॉक धुतला तेव्हा इंजिन नंबराची पट्टी बसते तिथे रिव्हेटची दोन भोकं तेवढी होती. मिस्त्रींनी ब्लॉकवर दुसरीकडे ठोकलेला नंबर मळ खरवडून वाचला आणि मालकानं आरसी बुक उघडलं. नंबर जुळला नाही. चाळीस-एक वर्षांपूर्वी कुणीतरी मूळ ब्लॉक फुटल्यावर ॲम्बॅसेडरचा टाकला होता, आणि गाडी त्यावर बिनतक्रार चालत आली होती. मालकानं फडक्यानं हात पुसले, नंबर कागदावर लिहून घेतला आणि मिस्त्रींना विचारलं, ‘‘मुंबईला मूळ ब्लॉक सापडेपर्यंत हाच बांधायचा का?’’

‘‘बांधू,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘पण हा फेकू नका. तेल लावून ठेवू.’’