रहस्यकादंबरी वेगळी, थरारकादंबरी वेगळी

नागपुरात बर्डीवरच्या एका वाचनालयात ‘रहस्य-थरार’ अशी एकच पट्टी लावलेलं कपाट आहे. निवांत वाचायला कोझी मिस्टरी, म्हणजे रक्तपात न दाखवणारी हलकीफुलकी रहस्यकथा, मागणाऱ्याच्या हाती तिथं पाठलाग-गोळीबाराचं पुस्तक पडतं. मग तोच सगळ्यांना सांगत सुटतो की रहस्यकथा वाचून झोप उडते.

थरारकादंबरी सगळ्यांच्या ओळखीची आहे. कुणाचा तरी जीव टांगणीला, हातात वेळ कमी. तिच्याबद्दल एवढं पुरे. कोझीत रक्तपात नसतो, शोध घेणारा बहुधा पोलीस नसतो, हेही खरं. पण हे फरक वरवरचे. रक्ताचा थेंब न सांडणारी थरारकादंबरीही लिहिता येते.

वाचकाला काय ठाऊक आहे आणि ते कधी कळतं, यावर सगळं ठरतं.

समजा, १९२१ साली एक संगीत नाटक मंडळी नागपुरात मुक्कामाला आली आहे. दुसऱ्या अंकात नायिकेचं पद चालू असताना रंगपटात मालकांचा खून होतो. नायकाचं काम करणारा नट सांगतो, “पद सुरू झालं तेव्हा मी विंगेत होतो, पद संपताच प्रवेश घेतला.” प्रॉम्प्टर दोन्ही वेळांचा साक्षीदार. पद पाच-सात मिनिटांचं; तेवढ्यात रंगपटात जाऊन, खून करून परत येणं जमणार नाही.

थरारकादंबरीत तो नट विंगेतून सटकताना आपल्याला दिसतो. बाहेर वन्समोअरचा गजर होतो, आणि प्रॉम्प्टरनं एकदा तरी मागं वळून पाहावं म्हणून आपला जीव कासावीस होतो.

रहस्यकादंबरीत हे काहीच दिसत नाही. तिसऱ्या प्रकरणात द्वारपाल कुरकुरतो, “त्या एका पदाला चार वन्समोअर! उजाडलं तरी भरतवाक्याचा पत्ता नाही.” आपण हे त्या काळाचं वर्णन म्हणून वाचतो आणि पुढं जातो. पाच मिनिटांच्या पदाचा अर्धा तास झाला, हे लेखकानं सांगून टाकलेलं असतं. शोध घेणाऱ्या पेटीवाल्याला जेवढं माहीत, तेवढंच आपल्यालाही. इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यातला एक हाच: शोधकाला सापडलेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही. या एका नियमावर मी तडजोड करत नाही.

म्हणूनच ऐतिहासिक रहस्यकादंबरीत काळाचे तपशील चोख हवेत. दुवे त्यांच्यातच दडलेले असतात. १८८५ सालचा फौजदार पानाच्या डब्यावरचे बोटांचे ठसे जुळवायला लागला की मी पुस्तक मिटते. ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय कलकत्त्यात निघालं तेच १८९७ साली. उलट, १९२१ च्या कथेत ठशांचा विचारच कुणी केला नाही, तर तेही पटत नाही.

हातातलं पुस्तक कोणत्या जातीचं हे ओळखायचं असेल, तर खुनी कळल्यावर मागची पानं उलटा. द्वारपालाच्या कुरकुरीसारखी ओळ सापडली, तर ती रहस्यकादंबरी. खुनी पहिल्यापासून ठाऊक होता आणि तरी पुस्तक खाली ठेववलं नाही, तर थरारकादंबरी. आणि शेवटच्या प्रकरणात अचानक नटाचा जुळा भाऊ उगवला, तर ते पुस्तक दोन्हींपैकी कुठल्याच कपाटात ठेवू नका.