टीडीएस मीटरला न दिसणारी रसायनं
(वॉटर प्युरिफायर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

जवळच्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीच्या बातम्या आल्यापासून आमच्या चिपळूणच्या दुकानात एकच प्रश्न येतोय: "तुमच्या फिल्टरने ते पीफास नावाचं रसायन निघतं का?" उत्तर तुमच्याकडे कोणतं मशीन आहे, त्यावर आहे.

आधी बातमीचं. इटलीत त्रिस्सिनो इथल्या, पीफास बनवणाऱ्या मितेनी कारखान्यामुळे त्या भागातलं पिण्याचं पाणी दूषित झालं. २०१८ मध्ये तो बंद पडला, २०२५ मध्ये ११ जणांना शिक्षा झाली. त्याची यंत्रसामग्री लोटे परशुरामला आली. यंत्रं आली म्हणजे आपल्या विहिरीत रसायन उतरलंच असं नाही. पण विचारणं रास्तच आहे.

पीफास म्हणजे कार्बन-फ्लोरीनच्या चिवट बंधाची हजारो रसायनं. नॉनस्टिक तवे, पाणी न धरणारं कापड, आग विझवायचा फेस यांत ती वापरली गेली. डीडीटीसारखं कीटकनाशक चरबीत साठतं, पीफासचं तसं नाही. पीफासमधली नावाजलेली दोन, पीएफओएस आणि पीएफओए, रक्तातल्या प्रथिनांना चिकटतात आणि यकृतात मुरतात. जॉन गीसी आणि कुरुंथाचलम कण्णन या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवलं, की पीएफओएस ध्रुवीय अस्वलांतसुद्धा आहे. तिथे कुठला आलाय कारखाना! माशातून सीलमध्ये, सीलमधून अस्वलात, दर पायरीला प्रमाण वाढत गेलं. माणसाच्या रक्तातलं पीएफओएस निम्मं व्हायलाच काही वर्षं जातात. पीएफओए कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केलं.

आता टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण दाखवणारं. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओएस आणि पीएफओएसाठी प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरवली. मीटरवरचा १ आकडा म्हणजे लिटरला दहा लाख नॅनोग्रॅम, म्हणजे ४ नॅनोग्रॅम त्याला दिसणारच नाहीत. तेव्हा "आमचा टीडीएस ४० आहे, पाणी चांगलंच" हे इथे लागू पडत नाही. खरी तपासणी मोठ्या प्रयोगशाळेतच होते, आमच्याकडे नाही.

उकळून उपयोग नाही. पाणी आटेल तसं प्रमाण वाढतंच. यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) आणि यूएफनेही (बारीक छिद्रांची गाळणी) ही रसायनं निघत नाहीत. कोकणातलं पाणी मुळात कमी टीडीएसचं, म्हणून आम्ही बहुतेकांना यूव्ही-यूएफच दिलं. तो सल्ला जंतूंसाठी होता, त्यासाठी आजही बरोबर आहे. कार्बन कार्ट्रिज लांब साखळीची (जास्त कार्बन अणूंची) रसायनं बरीच धरतं, छोट्या साखळीची कमी. आणि भरलं की धरणं थांबतं. वर्ष उलटलं तरी "पाणी येतंय ना" म्हणून न बदलणारे बरेच आहेत, नावं घेत नाही.

आरओ मशीनमधला अतिबारीक छिद्रांचा पडदा पीफास सगळ्यात चांगलं अडवतो. अडवलेलं मात्र वाया जाणाऱ्या पाण्यातून बाहेर पडतं, नाहीसं होत नाही. आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत: चवीसाठी असलेला टीडीएस कंट्रोलर थोडं पाणी पडद्याला वळसा घालून टाकीत सोडतो. त्या पाण्यातलं पीफास पडदा अडवत नाही. पुढच्या सर्व्हिसला आमच्या माणसाला तो बंद करायला सांगा. पाणी जरा सपक लागेल. बंद करण्याचे पैसे घेणार नाही.